उत्तरपत्रिकांची मागची बाजू

मुलांनो, आष्ट्याच्या आमच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या मास्तरांइतकी कागदाची कीव करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तपासलेल्या उत्तरपत्रिका ते टाकत नसत. मागच्या कोऱ्या बाजूंवर नदी लिहीत. दर वैशाखात टेप घेऊन कृष्णाकाठची टिटवीची घरटी पाण्यापासून किती उंचावर आहेत ते मोजायचं, मग स्वतःच्या नदीकाठच्या गावातल्या खालच्या आळीतल्या म्हाताऱ्यांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायच्या. ऑफिसात येऊन मला म्हणत, "कुठल्या पुरात पाणी मारुतीच्या कितव्या पायरीला लागलं, हे बायकांनी गाऊन ठेवलंय, बाई!" एकदा टिटवीने टकलावर टोच मारली, तर डोक्याला रुमाल बांधून वर्गात आले आणि आधी घरट्याची उंची फळ्यावर लिहिली. प्राचार्य म्हणत, "मास्तर, नदी आपल्या पटावर नाही." पण पावसाळ्यात सगळी आळी त्यांच्या दारात: "आवं मास्तर, औंदा पानी कुटवर यील?" ते कॉलेजच्या कपाटातून आणलेले कागद चाळून, घरट्यांची उंची ओव्यांशी ताडून पायरी सांगत, आणि लोक त्याप्रमाणे जनावरं हलवत.

पुढे मुलं मिळेनात म्हणून कला शाखा बंद झाली. कपाटं आवरायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी टापटिपीची. जुन्या उत्तरपत्रिका रद्दीत, असा नियम. मी गठ्ठे सुतळीने नीट बांधून दिले. त्यांतच मास्तरांची नदी असेल हे मनात आलं नाही; एकही कागद उलटून पाहिला नाही.

मास्तर ओरडले नाहीत. रद्दी सांगलीच्या भडंगवाल्यांकडे गेल्याचं कळलं, तेव्हा हा रक्तदाबाचा माणूस महिनाभर गाड्यागाड्यांवर भडंग खात हिंडला. "पुडीवर माझं अक्षर दिसलं की दुसरी मागतो." सात कागद मिळाले.

त्याच श्रावणात पाणी चढलं. सर्वांत जास्त ओव्या सांगणाऱ्या पुतळाकाकूंनी दारातून विचारलं, "मास्तर, निघू का ऱ्हाऊ?"

"काकू, कागद न्हाईत. पर निघा."

"कागद बघून सांगायचास तवा निघत हुते. आता नुसता भ्यालायस व्हय रं?"

म्हातारी राहिली. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी सापडली.

मास्तरांनी पुन्हा नदी मोजली नाही. मला एकदाच म्हणाले, "बाई, तुमचा दोष नाही. मागची बाजू कोण बघतं?" गेल्या वर्षी तेही गेले. त्या सातांतला एक कागद माझ्याजवळ आहे. पुढे कुणा मुलीचं उत्तर, दहापैकी चार गुण. मागे, तेलाच्या डागाखाली, पुतळाकाकूंची ओवी. पाणी कितव्या पायरीला लागलं, तेवढाच कोपरा फाटलाय.