साखळी लावलेलं दार

आजी बहारीनमध्ये पोलिसांच्या जीपमधून फिरायची, असं तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं आणि गेल्या सुट्टीत तुम्ही दोघं माझ्यामागे लागलात. चोर पकडलास का, बंदूक होती का, सायरन वाजायचा का. मी तेव्हा हसून टाळलं. खरं सांगायचं तर त्या सगळ्या फेऱ्यांमधली एकच मला पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवते, आणि ती हसत सांगण्यासारखी नाही. म्हणून लिहून पाठवते. तुम्हाला मराठी समजतं पण वाचायचा कंटाळा येतो, तेव्हा आईकडून वाचून घ्या. ती त्या वर्षी ईसा टाउनच्या शाळेत पाचवीत होती.

नव्वदच्या दशकात मी तिथल्या मानसिक आजारांच्या हॉस्पिटलमध्ये नर्स होते. एखाद्या घरात माणूस भान हरपल्यासारखा वागू लागला की शेजारीपाजारी पोलिसांना फोन करत, आणि पोलीस आम्हाला कळवत. मग आमच्यापैकी कोणीतरी त्यांच्याबरोबर जाई. माणूस भारतीय असला तर मला पाठवत, कारण मला मराठी आणि हिंदी येत होतं आणि परत आल्यावर इंग्रजीत स्वच्छ रिपोर्ट लिहिता येत होता.

आमची एक रीत ठरलेली होती. पांढरा एप्रन जीपमध्येच काढून ठेवायचा. दाराबाहेर जमिनीवर बसून बोलायचं, म्हणजे आतल्या माणसाला कोणी अंगावर येतंय असं वाटत नाही. पोलिसांनी एक मजला खाली थांबायचं. आणि खोटं बोलायचं नाही. पोलीस आहेत का, असं आतून विचारलं तर आहेत म्हणायचं.

हे सगळं कशासाठी, तर माणूस स्वतःच्या पायांनी बाहेर यावा म्हणून. तो चालत आमच्याबरोबर आला तर हॉस्पिटलच्या वहीत साधा पेशंट म्हणून नोंद व्हायची. कंपनीला फक्त आजारपणाच्या रजेचा कागद जायचा. दार फोडावं लागलं तर मात्र ती पोलीस केस. ते पत्र कंपनीत पोचलं की व्हिसा रद्द, आणि आजार बरा होवो न होवो, माणूस बायकोमुलांसकट परत. साखळी लावून उघडलेल्या दाराच्या चार इंचांच्या फटीत एकेकाची नोकरी अडकलेली असायची.

तो शुक्रवार होता, सुट्टीचा दिवस, मे महिन्यातली सकाळ. ईसा टाउनमध्ये एका कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाच्या वर दोन मजले घरं होती. दुसऱ्या मजल्यावर एक एसी मेकॅनिक राहायचा. चांगला शिकलेला, एका मोठ्या कंपनीत टेक्निशियन. पोलिसांच्या चिठ्ठीवर तिथल्या पद्धतीप्रमाणे त्याचं नाव आणि वडिलांचं नाव एवढंच होतं.

त्याची बायको पहिल्या मजल्याच्या पायरीवर मुलीला घेऊन बसली होती. मी मराठी बोलले तशी तिने माझा हातच धरला.

"पाच रात्री झाल्या ताई, झोपूनच नाही राहिले. घरचा एसी खोलून ठेवला. म्हणे, ऑफिसच्या लोकांनी यात माइक बसवला. आज सकाळी आमाले बाहेर काढलं अन् गॅसचं सिलेंडर ओढत पुढच्या खोलीत आणलं."

"तुम्हाला मारलं का?"

"नाई हो! चपला हातात आणून दिल्या माझ्या. पोरीचं दप्तर दिलं. म्हणे, तुमी बाहेर राहा, तुमच्यावर नाही यायले पाहिजे."

मुलगी सात-आठ वर्षांची असेल. दप्तर पाठीला लावून बसली होती, जणू बस येणार होती.

पोलीस दोघं होते. एक बहारीनी अधिकारी, अदबीने बोलणारा, आणि एक बलुची हवालदार, ज्याच्याशी मी उर्दूमिश्रित हिंदीत बोलायचे. अधिकारी घड्याळ दाखवून म्हणाला, "अर्धा तास, सिस्टर. आत गॅस आहे, इमारतीत माणसं राहतात. त्यानंतर खलास." त्याचं चुकत नव्हतं. हवालदाराचे बूट पायऱ्यांवर करकरत होते. मी मागे वळून पाहिल्यावर त्याने ते काढून हातात घेतले.

मी दाराशी बसले आणि मराठीत सांगितलं, मी नर्स आहे, हॉस्पिटलमधून आले आहे.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. "मराठी नर्स? कंपनीनं लईच खर्च केला म्हणायचा माझ्यावर."

"कंपनीने नाही पाठवलं. पोलिसांनी हॉस्पिटलला फोन केला."

"म्हणजे पोलीस आहेत."

"दोघं आहेत. खालच्या मजल्यावर. एकाने बूट काढलेत, वाजत होते म्हणून."

मग अगदी गंभीरपणे प्रश्न आला, "मोज्याले भोक आहे काय?"

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. "आहे. अंगठ्याला."

तो हसला. खरोखर हसला. हवालदाराला मोज्याचं समजलं असावं, कारण त्याने तो पाय दुसऱ्या पायामागे लपवला. जिन्यावरच्या त्या बाईच्या चेहऱ्यावर पाच दिवसांत पहिल्यांदा थोडा रंग आला.

त्यानंतर तो बोलू लागला. झोप लागत नाही, डोक्यात फॅनसारखं गरगरतं. ऑफिसमध्ये तिघंजण त्याची फाइल करतात, कुठून आला, कोणाचा कोण, सगळं लिहून ठेवतात. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. एवढंच म्हटलं की पाच रात्री न झोपता कोणीही घाबरेल. सिलेंडरचा कॉक बंद करता का, असं विचारलं. आत पावलं वाजली. "केला बंद," तो म्हणाला. "आता हात नाही लावत त्याले. शब्द देतो."

मी पाणी देऊ का विचारलं. समोरच्या घरातल्या केरळी बाईने ग्लास आणून दिला. दार साखळीपुरतं उघडलं. दाढी वाढलेली, डोळे लाल, पण शर्ट इस्त्रीचा. तो पाणी एका दमात प्यायला आणि ग्लास परत देताना म्हणाला, "मी आलो, तर काय लिहिसान, ताई?"

"जे आहे ते. पाच रात्री झोप नाही, स्वतःहून आले."

"स्वतःहून," तो म्हणाला. "थांबा, बूट घालतो."

दार लोटून तो आत गेला. मी अधिकाऱ्याला बोटं दाखवून खूण केली, पाच मिनिटं. त्याने मान हलवली. मेकॅनिक बूट घालून परत आला, दार पुन्हा चार बोटं उघडलं, आणि त्याचा हात साखळीवर आला. साखळी खाचेतून निघत नव्हती. ते अवघडलेपण जावं, त्याला घरच्यासारखं वाटावं, म्हणून मी सहज विचारलं,

"तुमचं आडनाव काय हो? मूळचं गाव कुठलं?"

मुलांनो, परदेशात मराठी माणूस भेटला की आम्ही सगळे पहिल्यांदा हेच विचारायचो. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, शाळेच्या बसजवळ, दुकानाच्या रांगेत. त्यातून ओळख निघते, असं आम्ही म्हणायचो. आडनाव कळलं की पुढचे चार प्रश्न विचारावे लागत नाहीत, हे कोणी म्हणायचं नाही.

त्याचा हात साखळीवरच थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ओळखीचं कोणी दिसावं तसं.

"तुमीबी?" तो म्हणाला. मग म्हणाला, "इथूनच सुरू होते सगळं, बाई."

आणि दार लागलं. आपटलं नाही, हळूच लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

मी पुष्कळ बोलले. माफी मागितली, तरी ती कशाची मागते आहे हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. वर बोलावून बायकोलाही बोलायला लावलं. तिने त्याला हाक मारली, मुलीने मारली. अधिकाऱ्याने अर्ध्या तासाऐवजी पन्नास मिनिटं दिली, हे मी त्याच्या बाजूने सांगायला हवं. मग आणखी माणसं आली, आणि दार दोन धक्क्यांत पडलं.

तो बूट घालून, शर्ट खोचून खुर्चीवर बसला होता. सिलेंडरचा कॉक बंद होता. एसीचे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले होते, प्रत्येक स्क्रू वेगळा. गडबडीत त्याचा उजवा हात मागे पिरगळला गेला आणि तो एकदाच ओरडला. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि तिच्या शेजारी कोट आणि चष्मा घातलेली ती दुसरी तसबीर, जी तुम्ही नागपूरला गेलात तर घराघरात पाहाल. दोन्हींना ताजा हार होता. फटीतून ती भिंत दिसत नव्हती. दिसली असती तर मी आडनाव विचारलं नसतं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगायचे. पण त्याचा अर्थ एवढाच, की दिसली असती तर विचारायची गरजच पडली नसती.

जीपमध्ये तो मागे, हवालदाराच्या शेजारी. त्याची बायको मुलीला घेऊन माझ्याजवळ पुढे. ती रस्त्याकडे पाहत बोलत होती, तक्रार केल्यासारखंही नाही.

"डब्याच्या सुट्टीत आपले तिघं मराठी लोक होते यांच्यासोबत. बसायचे रोज. एक दिवस आडनाव विचारलं. मग टेबल बदललं त्यांनी. मागं मंडळाच्या जेवणाले मी बुंदीचे लाडू नेले होते, घरी करून. एका बाईनं विचारलं, मी सांगितलं. डबा जसाच्या तसा वापस आणला, ताई. पोरीनं विचारलं, आई, लाडू बिघडले होते काय? तवापासून यांची झोप कमी कमी होत गेली."

ते जेवण मला आठवत होतं. मीही तिथे होते. लाडू कोणी आणले होते ते मला आठवत नाही. मी ते खाल्ले होते का, हेही आठवत नाही, आणि आठवावं म्हणून मी फार प्रयत्न केला आहे.

संध्याकाळी मी अरादला, आमच्या तिथल्या घरी आले. जेवताना मी आजोबांना म्हटलं, आज एक आपल्याकडचा माणूस होता, वाईट झालं. आजोबा मनाने चांगले होते, तुम्हाला माहीत आहे. भाताचा घास थांबवून त्यांनी विचारलं, "अरेरे. कुठला? आडनाव काय?"

मी त्यांच्या पानात आमटी वाढली आणि स्वयंपाकघरात गेले.

तो तीन आठवडे आमच्या वॉर्डात होता. गोळ्यांनी झोप आली, गरगर थांबली, माइकची भीती ओसरली. त्याने वॉर्डातला एक खडखडणारा एसी दुरुस्तही केला, डाव्या हाताने. केरळच्या नर्सेसशी हिंदीत गप्पा मारायचा, त्यांना हसवायचा. माझ्याशी मात्र तो फक्त इंग्रजीत बोलायचा. गुड मॉर्निंग, सिस्टर. थँक यू, सिस्टर. त्याचं इंग्रजी चांगलं होतं. मी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीतच यायचं. माझी लेकही घरी मला इंग्रजीत उत्तर द्यायची, त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

कंपनीचं पत्र दुसऱ्याच आठवड्यात आलं. व्हिसा रद्द. त्याच्या सुपरवायझरला मी स्वतः फोन केला. माणूस बरा होतो आहे, तुमच्या कामाला योग्य आहे, असं डॉक्टरांचं मत सांगितलं. तो म्हणाला, "सिस्टर, पोलीस आले होते ना? मग मफी, नाही जमणार. माझ्या हातात नाही."

जायच्या दिवशी बायको आणि मुलगी सामान घेऊन वॉर्डात आल्या. डिस्चार्जचा फॉर्म मीच भरायचे, माझं अक्षर चांगलं म्हणून. कंपनीने पाठवलेला त्याचा पासपोर्ट माझ्यासमोर टेबलावर होता. मी तो उघडला नव्हता. फॉर्मवर नाव लिहिलं होतं, वडिलांचं नाव लिहिलं होतं, तिसरा, आडनावाचा रकाना तसाच ठेवला होता.

सही करताना त्याने ते पाहिलं. "यू हॅव लेफ्ट वन कॉलम, सिस्टर."

त्याने पेन डाव्या हातात नीट धरलं आणि त्या रकान्यात मोठ्या, सुट्या अक्षरांत आपलं आडनाव लिहिलं. हात दुखावलेला नसता तर त्याला एवढा वेळ लागला नसता. मग फॉर्म माझ्याकडे फिरवला, मला सरळ वाचता यावा म्हणून. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तो माझ्याशी मराठीत बोलला.

"आता गाव विचारा," तो म्हणाला.

बायको दारात उभी होती. मुलगी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. मला विचारायचं होतं. गाव कुठलं, तिथे कोण आहे, जाऊन काय करणार, झोपेच्या गोळ्या मिळतील का तिथे, सगळंच विचारायचं होतं.

त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग पेनाला टोपण लावलं, ते फॉर्मच्या शेजारी सरळ ठेवलं, मुलीच्या पाठीवरचं दप्तर काढून आपल्या डाव्या खांद्याला अडकवलं आणि तिघं जिन्याने खाली गेले.