मासे सोडलेला माणूस

कुवेतला शर्कच्या मासळीबाजारात दर शुक्रवारी मी ज्याच्याकडून पापलेटं साफ करून घेतो, त्याचं नाव कधी विचारलं नाही. मालवणकडचा, एवढं बोलण्यावरून कळायचं. त्याची एक सवय मला खटकायची. माशाचं पोट फेकण्याआधी तो ते सुरीच्या टोकाने उघडून बघायचा.

परवा मी वैतागून विचारलं, "काय सोनं शोधताय?"

"सवय हो. शास्त्रज्ञांच्या जहाजावर खलाशी होतो. अख्ख्या पृथ्वीला फेरी मारली. मी माशांची पोटं फाडायची, आत काय ते सांगायचं, त्यांच्यातल्या एका मॅडमनी तक्त्यात लिहायचं."

"म्हणजे जगातले सगळे मासे खाल्लेत तुम्ही!"

"मासे सोडले मी."

मालवणी माणसाने मासे सोडले? मी हसलोच.

तो हसला नाही. "एका मोठ्या मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, पोटात लहान पोराची सँडल निघाली. बक्कल तसंच लावलेलं. मॅडम कितीतरी वेळ तक्त्याकडे बघत राहिल्या. मग 'इतर'च्या रकान्यात त्यांनी 'एक' लिहिलं."

बोलता बोलता त्याने माझं शेवटचं पापलेट उघडून बघितलं.

"यात काही नाही," म्हणत त्याने पिशवी पुढे केली. ती घ्यायला माझा हात उठेना.