सोफ्यावर बसून ऐकलेला रॉक

जळगावात रॉक शो होणार म्हटल्यावर आमच्या अमळनेरात लोकांना एकच प्रश्न पडला, त्यात नाचायला बायका असतात का. एवढीच आमची रसिकता. मी मात्र दोन वर्षं त्या संगीतावर जगत होते. पुण्याला इंजिनिअरिंगला असलेला भाऊ सुट्टीत कॅसेट भरून आणायचा आणि जाताना विसरून जायचा. त्या मी टू-इन-वनला कान लावून, आवाज बारीक ठेवून, फीत झिजेपर्यंत ऐकल्या. मुंबईचा जो बँड येणार होता त्याची एक कॅसेट तर मला ठोक्यान् ठोका पाठ होती.

पण मला जाऊ दिलं ते काही माझ्या आवडीखातर नव्हे. एक स्थळ आलं होतं. मुलगा पाटबंधारे खात्यात, आई लहानपणीच गेलेली, आत्याने वाढवलेला. रीतसर बघण्याआधी मुलीला सहज कुठेतरी नजरेखालून घालायची आमच्याकडे पद्धत. एरवी हे देवळात किंवा कुणाच्या लग्नात उरकतात. मुलाचे काका शो भरवणाऱ्या मंडळात होते, पास घरचेच, म्हणून मुलाकडच्यांनी रॉक शो निवडला. आईने बजावलं, मान खाली ठेव, विचारलं तर दोन शब्द बोल आणि असली गाणी ऐकतेस हे चुकूनही कळू देऊ नकोस. नुसती चुळबुळ केलीस तरी स्थळ गेलं समज. मला स्थळाचं सोयरसुतक नव्हतं. पण वडील वर्षभर नकार पचवत होते आणि त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून मी कबूल झाले.

मैदानात पहिल्या तीन रांगा सोफ्यांच्या होत्या. लग्नाच्या हॉलमधून आणलेले लाल मखमली सोफे, त्यांवर देणगीदार, त्यांच्या बायका आणि पेंगुळलेली नातवंडं. मागे खुर्च्या, त्यांच्या मागे बांबू, आणि बांबूंपलीकडे धुळीत होस्टेलची पोरं. माझी खरी जागा तिथे, त्या पोरांत होती. मी काठापदराची साडी नेसून सोफ्यावर बसले, एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला मुलाची आत्या, नऊवारीतली, पारोळ्याकडची. पलीकडे मुलगा. त्याने कानात कापसाचे बोळे घालून ठेवले होते, अजून एक तारही वाजली नव्हती तरी.

सहाचा शो आठला सुरू झाला, कारण आधी सत्कार. प्रमुख पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांना आणणाऱ्याचा सत्कार, मांडववाल्याचा सत्कार. मग बँडला स्टेजवर उभं करून शाल, श्रीफळ आणि टोपी. खांद्यापर्यंत केस वाढवलेला तो ड्रमवाला पांढरी टोपी घालून नारळ कुठे ठेवावा ते शोधत होता. पाहुणे म्हणाले, तरुणांनी पाश्चात्त्य संगीत जरूर ऐकावं, पण मर्यादेत. सोफ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन गाणी होताहेत तोच स्टेजवर चिठ्ठ्या जायला लागल्या, लग्नातल्या गाण्यांच्या फर्माइशी. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात ते मी त्या दिवशी पहिल्या रांगेत बसून पाहिलं. कापूसवाल्या वराकडे तर मी पुन्हा बघितलंही नाही.

मग माझं गाणं आलं. सुरुवातीला एकटी गिटार, हळू, आणि बऱ्याच वेळाने ड्रम. ते कधी येणार हे सोफ्यांवर बसलेल्यांपैकी फक्त मला माहीत होतं. आले, आणि ते कानात नाही, छातीत वाजले. कॅसेटमध्ये हे नव्हतंच. बांबूंमागची पोरं ओरडत उड्या मारू लागली. साडीखाली माझा उजवा पाय हलायला लागला, तो मी डाव्या पायाने दाबून धरला. चेहरा असा ठेवला की बघणाऱ्याला वाटावं, ही दहाव्याला आली आहे.

शेजारी काहीतरी थपथपत होतं. आत्याबाई मांडीवर ठेका धरत होत्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, त्याची त्यांना शुद्ध नव्हती. गाणं संपल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. घाम पुसत म्हणाल्या, "माले ते भलतंच आवडनं, पोरी. तुले कसं वाटनं?"

आई माझ्याकडे बघत होती.

"आवाज फार आहे, आत्याबाई," मी म्हणाले.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा स्टेजकडे तोंड केलं. आईने माझ्या हातावर हात ठेवला, शाबास म्हणावं तसा. पुढची सगळी गाणी मी तशीच बसून ऐकली, म्हणजे खरं तर नाहीच ऐकली.

आठ दिवसांनी मध्यस्थ घरी आले. चहा होईपर्यंत कपाशीच्या भावाबद्दल बोलले, मग वडिलांना म्हणाले की मुलाची काही ना नव्हती, पण आत्याबाईंनी मोडता घातला. बाईंचे शब्दही जसेच्या तसे सांगितले. "पोर देखनी शे, पन तिनामा जीव नई."

वडील उठून अंगणात गेले. माझ्यात जीव नाही, हे मी आतल्या दारात उभी राहून ऐकलं. इतरांना हसण्यात मी कधी कमी पडले नव्हते, पण त्या मैदानात एक बाई माझ्यासारखी निघाली होती आणि तिलाच मी खोटं सांगून बसले होते. आईने रिकाम्या कपबशा उचलल्या आणि माझ्याजवळून जाताना चिडून म्हणाली, "अगं, थोड्या टाळ्या तरी वाजवायच्या."