एका उकाराचा फरक

माझं पार्लर मोक्पोच्या बंदरामागच्या गल्लीत आहे, मासळीबाजाराला लागून. सत्तावीस वर्षं झाली, मा बोंगनिम दर शनिवारी सकाळी माझ्या खुर्चीत येऊन बसते आणि मी तिची बान मिरन करून देते. केस कानांवरून मागे फुगवायचे, भुवया बारीक करायच्या आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर पेन्सिलीने तीळ काढायचा. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. ती मला युनमीची आई म्हणते.

गायिका बान मिरनचं नाव आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बोंगनिमताईचं तिच्या गल्लीबाहेर कुणाला नाही.

ताईचा आवाज कसा आहे ते आधी सांगायला हवं. खालच्या पट्टीत तो वाळूवरून होडी ओढावी तसा खरखरत येतो. वर चढला की मध्येच फाटतो आणि एकाच वेळी दोन सूर निघतात, एक जाड आणि एक केसासारखा बारीक. ऐकणाऱ्याला वाटतं, हा आता तुटणार. पण तो तुटत नाही, तसाच फाटका शेवटपर्यंत जातो.

जन्मतः तो तसा नव्हता. पाच वर्षांची असताना तिला डांग्या खोकला झाला. वान्दो बेटाच्या त्या टोकाला डॉक्टर नव्हता. तीन महिन्यांनी खोकला गेला आणि आवाज हा असा करून गेला. शाळेत पोरं तिला बदक म्हणायची. मास्तरांनी तिला समूहगानातून काढून खिडक्या पुसायला लावलं होतं. गायला मिळायचं ते फक्त हिवाळ्यात, शेवाळाच्या वाळवणावर. बेटावरच्या बायका समुद्रातलं शेवाळ चटईवर पातळ थापून वाळवतात. बर्फासारख्या पाण्याने बोटं बधिर झाली की कुणीतरी म्हणायचं, "बदके, गा गं काहीतरी." मग ती गायची, आणि बायका नाकं ओढत थापत राहायच्या.

एकोणीस वर्षांची असताना तिने वाळवणावरच्या रेडिओत स्वतःचा आवाज ऐकला. तिने मला हे असंच सांगितलं. हातातली शेवाळ थापायची चौकट तशीच धरून ती उभी राहिली. तिला वाटलं, आपण गातोय आणि आपल्यालाच कळत नाहीये. गाणं संपल्यावर निवेदकाने नाव सांगितलं: नवी गायिका, बान मिरन. शेवटच्या बोटीची वाट बघणाऱ्या बाईचं ते गाणं महिन्याभरात सगळ्या किनाऱ्यावर पसरलं.

ताईला त्या दिवसांत फार आनंद झाला होता. जगात आपल्यासारखी आणखी एक आहे, आणि लोक तिला पैसे मोजून ऐकतात. तिने मिरनची पहिली कॅसेट आणली, मग दुसरी, मग सगळ्याच. बदक हे नाव एका हिवाळ्यात पुसलं गेलं. बायका आता म्हणायच्या, "बोंगनिम, मिरनचं म्हण."

हळूहळू त्या दुसरं काही मागेनाशा झाल्या.

को दालसूने तिच्याशी लग्न केलं तेही या आवाजामुळेच. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा, सरळ स्वभावाचा माणूस. जेवण झालं की भांडी आवरायच्या आत म्हणायचा, "एक गाणं म्हण ना." ती म्हणायची आणि तो भिंतीला टेकून डोळे मिटायचा. एकदा तिने विचारलं, डोळे का मिटता? तो म्हणाला, "मिटले की मिरन समोर दिसते." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला आवडेल असं वाटून तो बोलला होता.

दहा वर्षांनी दालसूचा उजवा हात इंजिनाच्या पट्ट्यात गेला. हात वाचला पण बोटं गेली. मुलगी सोरा तेव्हा सहा वर्षांची. त्या वसंतात तालुक्याच्या जत्रेत गाण्याची स्पर्धा होती आणि ताई त्यात उतरली. तिने मिरनचंच गाणं म्हटलं, कारण वाद्यं वाजवणाऱ्यांना तेच येत होतं. परीक्षक म्हणाले, इतकी हुबेहूब नक्कल आजवर ऐकली नाही.

"नक्कल नाही साहेब," ती माइकमध्ये म्हणाली. "माझा आवाजच असा आहे."

मांडवभर हशा पिकला. लोकांना तोही नकलेचाच भाग वाटला. तिला दुसरं बक्षीस मिळालं, भाताचा विजेवरचा कुकर. आणि कार्यक्रमांचा ठेकेदार कुक तिथेच तिच्याशी बोलला.

कुकने तिचं नाव ठेवलं बान मिरुन. एका उकाराचा फरक. फलकावर तो उकार इतका बारीक काढायचे की चष्मा लावल्याशिवाय दिसत नसे. माझ्याकडे तिला पहिल्यांदा त्यानेच आणलं, हातात मिरनचा फोटो घेऊन. "अशी करून द्या," म्हणाला. मी करून दिली. तीळ काढताना ताईने आरशातून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "हा घामाने जाईल का?" मी म्हटलं, जाणार नाही. ती म्हणाली, "बरं." त्या दिवशी आम्ही एवढंच बोललो.

मग सुरू झालं ते थांबलंच नाही. कुणाची साठी, कुठे मासळीची जत्रा, कुठे ज्येष्ठांचा दिवस. म्हाताऱ्या बायका तिचा हात दोन्ही हातांत धरायच्या, आंबवलेल्या पाकट माशाचा तुकडा स्वतःच्या जेवायच्या काड्यांनी तिच्या तोंडात घालायच्या आणि म्हणायच्या, "मिरन, एवढ्या लांब आमच्या गावात आलीस गं." सुरुवातीला ती सांगायची, मी ती नाही. मग त्यांचे चेहरे उतरायचे. पुढे तिने सांगणं सोडलं. सोरा शाळेत जात होती, दालसूची औषधं चालू होती, आणि हो म्हणून खोटं बोलल्याचं पाप कुणाच्या साठीच्या जेवणात मिसळायला तिला नको वाटायचं. गप्प राहणं तेवढं सोपं होतं.

तिच्याबरोबर ऑर्गन वाजवायचे ते प्यो मास्तर. अबोल, अविवाहित, सदा खोकणारे. आठ वर्षं तिच्यामागे बसून तीच बारा गाणी वाजवल्यावर एक दिवस त्यांनी तिच्या हातात कागद ठेवला. त्यांनी तिच्यासाठी गाणं केलं होतं. एका बाईचं, जी दुसऱ्याच्या अंगणात दोरीवर वाळत घातलेले कपडे ओळखते आणि काही न बोलता पुढे जाते. ताईचा आवाज जिथे फाटतो, बरोबर तिथेच मास्तरांनी सूर वर नेला होता. माझ्या पार्लरमध्ये दार लावून तिने ते पहिल्यांदा म्हटलं. मी मिरन पुष्कळ ऐकली आहे. हे काहीतरी निराळं होतं, एवढं मला कळलं. काय निराळं, ते तेव्हा सांगता आलं नाही.

बोटाएवढ्या बारीक माशांची जत्रा असते, तिथे तिने ते गायलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. संपल्यावर पुढच्या रांगेतला एक गृहस्थ अदबीने म्हणाला, "ताई, हे मिरनचं नाही वाटतं."

"नाही. माझं आहे."

"छान आहे. आता मिरनचं म्हणा."

तिने म्हटलं.

तरी मास्तरांनी हौसेने त्या गाण्याची कॅसेट काढली. त्यांना वाटलं होतं, गाडीवाले, ट्रकवाले ऐकतील. विकणाऱ्यांनी ती मिरनच्या रांगेत ठेवली आणि लोक मिरनची म्हणून घेऊन गेले. तीन महिन्यांत मिरनच्या कंपनीचं पत्र आलं. कुकने ते माझ्याकडेच वाचून दाखवलं, ताईच्या केसांत चिमटे असताना. बान मिरनची गाणी जत्रांमधून म्हणायला हरकत नाही, त्याने तिची प्रसिद्धीच होते. मात्र त्या आवाजात नवं गाणं म्हणून लोकांची दिशाभूल केल्यास कोर्टात खेचू.

ताईने ते पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाली, "म्हणजे तिचं म्हणायचं आणि माझं म्हणायचं नाही."

"तसंच," कुक म्हणाला.

"आवाज कुणाचा, असं लिहिलंय?"

"तिचा."

कॅसेटी परत मागवल्या. मास्तर पुढच्या वर्षी खोकल्यानेच गेले. ताई त्यानंतर ग्वांगजू शहरातल्या एका घशाच्या डॉक्टरकडे गेली, मला बरोबर घेऊन. त्याने तपासून सांगितलं, आत जुना व्रण आहे, गाठी आहेत. काढता येतील. आवाज स्वच्छ होईल, चारचौघींसारखा. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी विचारलं, करणार का? ती म्हणाली, "सोराचं कॉलेज अजून व्हायचंय. चारचौघींसारखं गाऊन कोण बोलावेल?"

ऑपरेशन झालं, पण ते मिरनचं. आणखी अकरा वर्षांनी. दीड वर्ष ती दिसली नाही आणि मग टीव्हीवर परत आली. पार्लरमध्ये सहा-सात बायका होत्या, ताईही होती. मिरनने तेच शेवटच्या बोटीचं गाणं म्हटलं. आवाज काचेसारखा, कुठे चरा नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोळीणबाई छू, जी कधी कुणाचं वाईट बोलत नाही, तीसुद्धा म्हणाली, "ही नकली वाटते बाई. आपली बोंगनिमच खरी."

सगळ्या हसल्या. ताई उठली, डोक्याला गुंडाळलेल्या टॉवेलसकट बाहेर गेली आणि गल्लीत उभी राहिली. मी मागे गेले नाही.

महिन्याभरात कंपनीचा फोन आला. बोलावलं होतं ग्वांगजूच्या एका हॉटेलात, दुपारी. केसांना बघायला म्हणून मीही गेले. कंपनीच्या माणसाने मांडणी केली: येत्या वसंतात मोठा कार्यक्रम आहे, लोकांना जुना आवाज हवा आहे. मिरन समोर उभी राहील, ओठ हलवील. ताईने पडद्यामागे उभं राहून म्हणायचं. पैसे चांगले मिळतील, बाहेर बोलायचं नाही.

मिरन तोवर जवाचा चहा पीत होती. टीव्हीवर दिसते त्याहून लहानखुरी, आणि तीळ खरा. तिने त्या माणसाला खोलीबाहेर पाठवलं आणि ताईला म्हणाली, "एक ओळ म्हणाल?"

ताईने बसल्या बसल्या म्हटली.

"तुम्ही माझी नक्कल करत नाही," मिरन म्हणाली.

"नाही."

"केव्हापासून असा आहे?"

"पाच वर्षांची होते. डांग्या खोकला."

मिरनने मान हलवली. ती म्हणाली, वर चढताना तुमचा श्वास आधी तुटतो, मी तो नंतर तोडायची. पस्तीस वर्षं मी तिथे श्वास मोजलाय, मला कळतं. मग आपणहूनच सांगितलं, डॉक्टर म्हणाला होता, घशातल्या गाठी राहू दिल्या तरी चालतील. मीच त्या काढून टाकायला लावल्या. एक गाणं, फक्त एक, कुणी मला साधं म्हणू दिलं नाही. लोकांना तो फाटका सूर हवा असायचा, मी नसले तरी चाललं असतं.

ताईने समोरचा चहा बाजूला सारला. इतक्या वर्षांत तिला रागावलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"टाकून दिलात," ती म्हणाली. "तुमच्या नावाने मला पत्र आलं होतं, हा आवाज तुमचा आहे म्हणून. माझं एक गाणं होतं, ते मी गिळलं. तेरा वर्षं. आणि तुम्ही तो कापून टाकलात. टाकायचाच होता, तर मला एकदा विचारायचं."

मिरनला पत्राचं माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं, असं मला तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. तिने काही सबब सांगितली नाही. विचारलं, गाणं कोणतं?

ताई गायली नाही. म्हणाली, पडद्यामागे उभी राहणार नाही. शेजारी उभं करत असाल तर येते, माझ्या नावाने. मिरन हो म्हणाली, पण कंपनी नाही म्हणाली. आम्ही संध्याकाळच्या आत मोक्पोला परतलो. वसंतातला कार्यक्रम जुन्या ध्वनिमुद्रणावर झाला आणि तो फारसा चालला नाही.

ताईचे कार्यक्रम मात्र वाढले. खरी मिरन आता काचेसारखी गात होती, मग लोकांना जुनी मिरन हवी असेल तर ती एकाच ठिकाणी मिळत होती. फलकावरचा उकार कुकने आणखी बारीक केला. कंपनीने पत्र मागे घेतलं, मिरनने घ्यायला लावलं म्हणतात. आता आपलं गाणं म्हणायला ताईला कुणाची मनाई नव्हती. तिने ते दोन-तीन जत्रांत म्हणूनही पाहिलं. लोक आदराने ऐकायचे आणि घरी जाताना एकमेकांना सांगायचे, मिरनचं हे नवं गाणं काही तितकं जमलं नाही. दालसूला तिने ते एकदाही ऐकवलं नाही. तो गेल्या थंडीत गेला, शेवटपर्यंत डोळे मिटून शेवटची बोट ऐकत.

मिरनचे फोन यायला लागले ते तिने गाणं सोडल्यानंतर. दोन-तीन महिन्यांनी एखादा, शनिवारीच, कारण शनिवारी सकाळी ताई माझ्याकडे असते हे तिला माहीत आहे. इकडचं तिकडचं बोलणं होतं, गुडघे, औषधं, सोराचं बाळ. मग मिरन म्हणते, "तुमचं म्हणा. माझं नको."

ताई मला सुकवायचं यंत्र बंद करायला सांगते आणि फोन तोंडाजवळ धरून मास्तरांचं गाणं म्हणते, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पलीकडून आवाज येत नाही. मी ऐकते, पण मी गाण्यातली नाही, मला बारकावे कळत नाहीत. ते कळणारी एकच बाई आहे, ती पलीकडे.

परवाच्या शनिवारी गाणं झाल्यावर मिरन म्हणाली, दुसऱ्या कडव्यात आज श्वास लवकर सुटला. ताई म्हणाली, वय झालं. दोघी हसल्या. बाहेर कुकच्या माणसाने गाडीचा भोंगा वाजवला. हेनामला कुणाची तरी साठी होती, जेवणाआधी पोहोचायचं होतं. ताईने फोन ठेवला, आरशात बघून केस ठीक केले आणि गाडीत जाऊन बसली.