प्लायवूडकडे तोंड केलेला स्पीकर

कुणाविषयी लिहावं असा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही आणि मी गेलो तोही बी.कॉम.ला. लिहिण्याचा संबंध उत्तरपत्रिकेपुरता. संगीतातलं तर मला काहीच कळत नाही. तेव्हा कुठे चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण ज्यांच्याविषयी सांगायचं आहे त्यांच्यावर दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून धीर करतो. वाटूर फाट्यावरच्या फोटोवाल्या काकांइतकं उदास संगीत इतक्या समाधानाने ऐकणारा माणूस आमच्या जालना जिल्ह्यातच काय, जिथे सहा-सहा महिने बर्फ पडतो त्या देशांतही झाला नसेल, असं माझं प्रामाणिक मत आहे.

काका आमच्या नात्यातले नव्हते. फाट्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि आसपासच्या गावांतल्या लग्नांचे व्हिडिओ तेच काढत. व्हिडिओच्या मागे वाजवायला म्हणून त्यांनी कधीतरी इंटरनेटवरून फुकटचं संगीत उतरवून घेतलं. त्यात सनई होती, बासरी होती, आणि चुकून पियानोचा एक तुकडा आला. एक स्वर पडायचा, मग बराच वेळ काहीच व्हायचं नाही, मग दुसरा पडायचा. दुसऱ्या कुणी तो तिथल्या तिथे काढून टाकला असता. काका मात्र त्या दोन स्वरांच्या मधल्या जागेत जाऊन बसले आणि पुन्हा तिथून उठलेच नाहीत. पुढे त्यांनी असलंच संगीत हुडकून हुडकून जमवलं. शब्द नाहीत, ताल नाही, कुठे लांबच लांब ओढलेली व्हायोलिनं, कुठे नुसती घरघर. याला ॲम्बियंट की काय म्हणतात हे मला जालन्याला गेल्यावर कळलं. फाट्यावर त्याला ‘काकाचं बिनगाण्याचं गाणं’ म्हणत.

हे तुकडे एकापुढे एक जोडून काका त्यांचे ‘मिक्स’ बनवत. मिक्स हा शब्द ऐकून पोरं पेनड्राइव्ह घेऊन यायची, “काका, वरातीला द्या की एखादा.” काका प्रेमाने द्यायचे. त्यातली एक वरात मी पाहिली आहे. नाचायला उतरलेली पोरं हात वर करून नुसती उभी होती, आणि घोड्यावरचा नवरदेव आयुष्याचा विचार करत होता. प्रत्येक मिक्सला विषय असे, आणि विषय सगळे आमच्याच भागातले. ‘शेवटची एस.टी. गेल्यावर’. ‘पाहुणे गेलेलं घर’. ‘तुराट्या उपटल्यावरचं रान’, ज्यात परदेशातल्या कुण्या माणसाच्या पियानोमागे काकांनी स्वतः मोबाइलवर धरलेला आमच्या शिवारातला वारा होता. कशानंतर काय लावायचं यावर ते महिना महिना घालवत. “पहिल्यानं दुसऱ्याचा हात धरला पाहिजे,” ते म्हणत, “वढून न्हाई न्यायला पाहिजे.”

फोटो काढायला येणाऱ्याचा चेहरा बघून काका मिक्स ठरवत आणि तो ऐकल्याशिवाय फोटो मिळत नसे. ऐकण्याचे नियम होते. बोलायचं नाही, चहा प्यायचा नाही, आणि सगळ्यांत मोठा नियम, पुढं ढकलायचं न्हाई. पंखा बंद करायचा, कारण तो मध्ये मध्ये बोलतो. वैशाखात पत्र्याच्या त्या खोलीत, मागच्या पडद्यावरच्या रंगवलेल्या धबधब्यासमोर गिऱ्हाईक घामाने निथळत बसे. एक गुरुजी निवृत्त झाले तेव्हा पेन्शनच्या कागदांसाठी फोटो काढायला आले. काकांनी त्यांना ‘शाळा सुटल्यावरचं मैदान’ ऐकवला. गुरुजी फोटो घेऊन निघून गेले, आणि पुढे पंधरवडाभर फोटो नीट आला नाही असं सांगून पुन्हा पुन्हा येत राहिले.

हे सगळं हसण्यासारखं आहे, आणि आम्ही हसतही होतो. पण याच संगीतापायी काकांचा सख्खा भाऊ त्यांच्याशी बोलायचा बंद झाला होता.

दोघा भावांचं दुकान एकच होतं. पुढे धाकट्याचं मोबाइलचं काउंटर, मागे काकांचा स्टुडिओ. काकांना मूलबाळ नाही. धाकट्याची मुलगी काका-काकूंच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. तिचं लग्न झालं, व्हिडिओ अर्थातच काकांनी काढला, आणि पाठवणीच्या मागे त्यांनी तो पियानोचा तुकडा टाकला. नुसता पियानो. रडण्याचा आवाजसुद्धा काढून टाकला. फक्त तोंडं हलतात, गाडीचं दार लागतं, आणि एक स्वर पडतो. हसनाबादकडच्या तिच्या सासरी पाहुण्यारावळ्यांना बोलावून व्हिडिओ लावला, तर सासूबाई धाय मोकलून रडू लागल्या, आजेसासऱ्यांनी जेवण टाकलं आणि कुणीतरी म्हणालं, “आपण सून आणली का माती देऊन आलो?” अभद्र म्हणून व्हिडिओ परत आला. पुढे वर्षभर त्या घरात जे जे बिघडलं ते सगळं त्या व्हिडिओच्या खात्यावर गेलं. म्हैस आटली तीसुद्धा. व्याह्यांनी चार माणसांत धाकट्याला बोल लावला. धाकटा काकांना म्हणाला, “दादा, म्युझिक बदलून दे. सनई टाक.”

“न्हाई बदलणार,” काका म्हणाले. “पोरगी गाडीत बसली तवा मला जे ऐकू आलं तेच टाकलंय. बराबर हाय ते.”

दुसऱ्या दिवशी धाकट्याने सुतार बोलावला आणि दुकानाच्या मधोमध, रस्त्यापासून थेट मागपर्यंत, प्लायवूडची उभी भिंत घातली. दोघांची दारं शेजारीशेजारी रस्त्यावर आली, आणि बोलणं बंद झालं. काही सांगायचंच असलं तर समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचा उपयोग होई. मी स्वतः असा सापडलो आहे.

“त्याला म्हणावं, लाइटबिल आलंय,” धाकटे काका इकडून म्हणाले.

मी तिकडे वळून म्हणालो, “काका, लाइटबिल आलंय.”

“ऐकू आलं मला. बहिरा न्हाई मी. त्याला म्हणावं, ठिवून दे.”

“ऐकू आलं,” इकडून उत्तर आलं. “त्याला म्हणावं, खोकला लय झालाय, डॉक्टरला दाखव.”

हे मी तिकडे सांगितलं तेव्हा काका नुसते खोकले.

हळूहळू लग्नांची कामं गेली. मोबाइलवर सगळेच फोटो काढू लागले, आणि काकांना व्हिडिओ दिला तर लग्न दहाव्यासारखं दिसतं असं सगळीकडे झालं होतं. काकूंनी शिवणयंत्र काढलं. काकांना मोकळा वेळ फार झाला आणि त्यांनी एकच मिक्स धरून ठेवला. दिवस मावळायला आला की ते स्पीकर उचलून स्टुलावर ठेवत आणि त्याचं तोंड प्लायवूडकडे फिरवत. तो सुरू झाला की पलीकडून धाकटे काका रिंगटोन तपासायला घेत, एकामागून एक, मोठ्या आवाजात. दोन्ही मिळून जे व्हायचं ते ऐकून फाट्यावरची कुत्री उठून जायची.

बारावीनंतर प्रवेशाच्या फोटोसाठी मी गेलो तेव्हा त्यांनी मलाही बसवलं आणि तोच मिक्स लावला. पंखा बंद. त्या दिवशी पलीकडे एकही रिंगटोन वाजत नव्हती. दुकान बंद असेल असं मला वाटलं. मी बराच वेळ कान देऊन बसलो, आणि शेवटी नियम मोडून घाबरत विचारलं, “काका, गाणं कवा सुरू होतंय?”

“झालंय की.”

“मंग ऐकू काहून येत न्हाई?”

“येऊन राह्यलंय. तू जल्दी नको करू.” मग त्यांना खोकल्याची उबळ आली.

आणि खरंच, थोड्या वेळाने ते आलं. कसं आलं ते मला सांगता येत नाही. पहाटे धुक्यातून माणूस चालत येतो, आधी नुसता भास होतो आणि मग एकदम तो आपल्या ओळखीचा निघतो, तसं काहीतरी. संपल्यावर मी विचारलं, “काका, ह्याचं नाव काय?”

“न्हाई ठिवलं अजून. ज्याचं हाय त्यानं ऐकलं की ठिवू.” आणि प्लायवूडकडे बघत हळूच म्हणाले, “तेवढं एकदा त्यानं पुरं ऐकावं. मंग बोलो का न बोलो.”

मी जालन्याला निघालो तेव्हा त्यांनी माझ्या मोबाइलवर ‘होस्टेलमधला पहिला रविवार’ टाकून दिला. रविवारी मी तो लावला. शेजारच्या कॉटवरचा मुलगा बराच वेळ इकडे तिकडे बघत होता, शेवटी म्हणाला, “तुझा चार्जर खराब झालाय का रे? कसला तरी आवाज येतोय.” मी हसलो, तोंडावर पांघरूण घेतलं आणि घरची आठवण येऊन खूप रडलो. काकांना फोन करून हे सांगायचं मनात होतं. पण मोठ्या माणसाला फोन करून मी रडलो म्हणून कसं सांगायचं, या संकोचात ते राहून गेलं. दिवाळीत गावी गेलो तेव्हा ते फारच वाळलेले दिसले. म्हणाले, “पुरा ऐकला का?” मी हो म्हणालो. “ढकलला न्हाई ना पुढं?” नाही म्हणालो. त्यांना तेवढं पुरलं.

त्यानंतर माझी परीक्षा आली. शेवटचा पेपर देऊन मी होस्टेलवर आलो तेव्हा बाबांचा फोन आला. आधी पेपर कसा गेला ते विचारलं. मग म्हणाले, “बापू, तुला सांगितलं न्हाई. पेपर चालू व्हते. फोटोवाले गेले.” मी कॉटवर बसलो. दहावासुद्धा होऊन गेला होता. बाबा तिथे गेले होते, आणि त्यांनीच मला पुढचं सांगितलं.

मूलबाळ नसल्यामुळे सगळं धाकट्या भावानेच केलं. डोकं भादरून, ओल्या धोतराने ते दुधनेच्या काठी बसले होते. पिंड मांडले. बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. ऊन चढत चाललं. मग रीतीप्रमाणे एकेक जण हात जोडून गेलेल्याला शब्द देऊ लागला. काकू म्हणाल्या, स्टुडिओ मोडणार नाही. कुणी म्हणालं, काकूंकडे आम्ही बघू. ती पुतणी सासरहून आली होती, ती म्हणाली, “मोठे बाबा, मी दर सणाला येईन.” कावळा हलेना. धाकटे म्हणाले, “दादा, पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ हाय तसाच ऱ्हाईन. सनई न्हाई टाकायची.” तरीही नाही. तेव्हा त्यांनी धोतराला हात पुसले, पिशवीतून आपला मोबाइल काढला, काहीतरी लावलं आणि तो पिंडांच्या शेजारी वाळूवर ठेवला.

“आवाज लय बारीक,” बाबा सांगत होते. “भिंतीमागून आल्यावानी. कुणीतरी म्हणलं, हे काय लावलं? तर त्यो म्हणला, ‘माझं हाय. गप बसा. पुढं ढकलायचं न्हाई.’ मंग बसलो सगळे गप. आधी कायच न्हाई. नुसती खुर्ची करकरली. मंग एक पोरगं विचारतंय, गाणं कवा सुरू होतंय. अन् फोटोवाल्याचाच आवाज आला बघ, झालंय की म्हणून. अन् त्यो खोकला. बाया रडाया लागल्या. पर त्यानं कुणाला बोलू दिलं न्हाई, संपस्तोर. संपलं तवा ध्यानात आलं, पिंड इस्कटल्याला. कावळा कवा शिवून गेला, कुणी बघितलंच न्हाई.”

मला ठाऊक होतं, तरी मी विचारलं, “बाबा, ते पोरगं कोण होतं?”

पलीकडून नुसती खुर्ची करकरली.

“तूच की रं,” बाबा म्हणाले.