चंद्रोदय कितीला?

मागच्या महिन्यातली गोष्ट. संकष्टीचा दिवस, दिवेलागणीची वेळ आणि हडपसरच्या माझ्या फ्लॅटमध्ये मी एकटीच मोदकाची उकड मळत बसले होते. नैवेद्यापुरते पाच मोदक... जास्तीचे करून खाणार कोण?

हे गेले. मुलगा वाघोलीला राहतो, म्हणजे ट्रॅफिक बघता परदेशातच म्हणा. फोन करतो, नाही असं नाही... पण गाडी चालवताना, दुसरा कॉल येईपर्यंत.

एके काळी संकष्टीला आमच्या फोनला उसंत नसायची. "काकू, चंद्रोदय कितीला?" "काकू, सुतकात उपवास धरायचा का?" सगळ्या सोसायटीचं शास्त्र माझ्याकडे! मीही ठणकावून सांगायची. हे पेपरमागून म्हणायचे, "शंकराचार्यांनी आपल्याकडे एक्स्टेन्शन घेतलंय वाटतं."

मग सगळ्यांच्या हातात मोबाईल आले आणि हे फोन एकेक करून थांबले. चंद्रोदयाची वेळ हल्ली सकाळीच ग्रुपवर येऊन पडते, सोबत गणपतीचा चमचमता फोटो. मला कोण कशाला विचारेल? बरोबरच आहे म्हणा. तरी दर संकष्टीला संध्याकाळी माझं लक्ष फोनकडे जायचंच... वेडीच मी.

आणि खरं सांगू का, माझंही काही धड राहिलं नव्हतं. रिकामा वेळ आणि हातात मोबाईल, मग मीही बघत बसायची. एक म्हणतो साबुदाणा आपला नव्हेच, उपवासाला चालत नाही. दुसरा म्हणतो खुशाल चालतो. तिसरा म्हणतो उपवास हेच थोतांड. मी लोकांना जे जे छातीठोकपणे सांगितलं, त्याच्या बरोबर उलटं सांगणारा कुणी ना कुणी तिथे होताच... तोही सोवळं नेसून!

उपवास मी सोडला नाही. पण अथर्वशीर्ष म्हणताना मध्येच थांबायला व्हायचं. हे सगळं कुणासाठी चाललंय, असं वाटायचं. घरात विचारायला माणूस नाही, आणि देवाला विचारावं तर तोच वादात. फार एकटं वाटायचं हो.

तर त्या संध्याकाळी बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरची रश्मी. मूळची अमरावतीची, खराडीला आयटीत आहे, भाड्याने एकटीच राहते. लिफ्टमध्ये हसण्यापुरती आमची ओळख. मला वाटलं, हिचं कुरिअर ठेवून घ्यायचं असेल... शेजारी हल्ली त्यासाठीच उरलेत.

"काकू, एक विचारू का तुम्हाला?" म्हणाली, आणि दारातच रडायला लागली.

आत घेतलं, पाणी दिलं. तिची आई बरेच दिवस आजारी होती. आई बरी व्हावी म्हणून हिने एकवीस संकष्ट्यांचा नवस बोललेला. "मी मानत नव्हते काकू हे काही. पण इथे बसून दुसरं काय करणार होते?" निम्म्याही संकष्ट्या झाल्या नाहीत तोच आई गेली. दिवसकार्य उरकून पोरगी परत कामावर रुजू झाली. आज संकष्टी म्हणून सवयीने सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि आता उपवास पुढे चालवायचा की सोडून द्यायचा, हेच तिला कळेना.

"सकाळपासून सर्च करून राहिली मी. एक जण म्हणते नवस मोडला तर दोष लागते. दुसरा म्हणते माणूसच गेलं तर नवस कशाचा. एका साइटवर तर पूजा बुक करायचं बटणच आहे. कोणाचं खरं मानू?"

आई गेल्यावर आईसाठीच्या उपवासाचं काय करायचं, हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. आणि ज्या देवाने हिचं ऐकलं नाही, त्याची वकिली मी कोणत्या तोंडाने करू?

"मला नाही गं माहीत," मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा. "पण दिवसभर उपाशी आहेस, तर आज माझ्याकडे जेव. पुढच्या संकष्टीचं पुढच्या संकष्टीला बघू."

मग आणखी उकड काढली. तिचे मोदक लाडवासारखे बसके झाले, ते मी बोलून दाखवलंच. सवय कुठे जाते! ती रडता रडता हसली.

बाल्कनीसमोर टॉवर उभा राहिल्यापासून चंद्र दिसत नाही, म्हणून गच्चीवर गेलो. पूर्वी तिथे ताटं घेऊन बायकांची गर्दी असायची, आता पाण्याच्या टाक्या आणि आम्ही दोघी. चंद्र दिसला. मी हात जोडले, तिने नाही जोडले. खाली येऊन पोटभर जेवलो.

काल पुन्हा संकष्टी होती. ती उपवास धरणार की नाही, हे मी मुद्दामच विचारलं नव्हतं. सारण मात्र जास्तीचं करून ठेवलेलं... असू दे म्हटलं.

संध्याकाळी फोन वाजला. ऑफिसमधून रश्मी.

"काकू, चंद्रोदय कितीला?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळले आणि एकदम थबकलेच. अहो, त्या काळी तरी कॅलेंडर काय एकट्या माझ्याच भिंतीवर होतं? घरोघरी तेच तर टांगलेलं असायचं! तरी बायका मला फोन करायच्या. आणि मी आपली इतकी वर्षं समजत होते की त्यांना वेळ माहीत नाही.

ही तर हातात मोबाईल धरून मला विचारत होती.

मी चष्मा लावला, नीट वाचून वेळ सांगितली. "आणि वेळेवर निघ," म्हटलं, "नाहीतर अडकून बसशील मुंढव्याच्या पुलावर."

नवसाचं खरं-खोटं मला अजूनही माहीत नाही. पण काल तिची वाट बघत अथर्वशीर्ष म्हटलं, ते मध्ये कुठेही न थांबता.