पांदणीसाठी वाढवलेली ताकद

गाडीच्या इंजिनाची ताकद वाढवायची की नाही, यावर परभणीतल्या माझ्या मिस्त्रीशी मी तीन दिवस भांडले. म्हणजे मी एकटीच भांडत होते, तो चेन धूत होता. ताकद कशाला लागते ते आधी सांगा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. आणि मला नेमकं तेच सांगायचं नव्हतं.

मी जनावरांची डॉक्टर. सरकारी नाही, स्वतःचंच चालवते. झरीच्या आसपासची गावं माझ्याकडे आहेत, आणि गावांपेक्षा जास्त आखाडे. आखाडा म्हणजे शेतातच घर आणि गोठा करून राहिलेलं कुटुंब. तिथपर्यंत डांबर जात नाही, पांदण जाते. आमच्या काळ्या मातीची पांदण पावसाळ्यात चाकाला धरून बसते, मडगार्डमध्ये गच्च भरते आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. म्हणून मी रस्ता आणि चिखल दोन्हीवर चालणारी उंच मोटरसायकल घेतली. लांब शॉकअप, वर उचललेलं मडगार्ड, खोल नक्षीचे टायर. सीट इतकी उंच की थांबले की मी एका पायाच्या बोटांवर उभी असते. सुरुवातीला लोक आजारी जनावर सोडून गाडीच बघायचे, आणि मी पडते कधी याची वाट बघायचे. मी दोनदा पडले, त्यांचं समाधान झालं.

कालव्याच्या पुलापलीकडे एका शेतकऱ्याचा आखाडा आहे. वय साठीचं, बोलणं कमी. सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. माझी गाडी पुलावर गिअर बदलते तो आवाज त्यांना आखाड्यावर ऐकू जायचा. तिथून मला आणखी सात-आठ मिनिटं लागायची. तेवढ्यात मामा चुलीवर पाणी ठेवायचे, जनावर दावणीला घ्यायचे, कुत्रं बांधायचे. मी पोचले की ओट्यावर कोमट पाणी, साबण आणि धुतलेलं फडकं मांडलेलं असायचं. थोड्याफार फरकाने सगळ्याच आखाड्यांवर ही पद्धत होती. कुणी ठरवून पाडलेली नव्हती, गाडीच्या आवाजावर आपोआप बसली होती.

माझा राग नाकावर असतो, हेही सांगून टाकते. मागल्या वर्षी पोळ्याच्या आधी मामांनी मला सकाळीच बोलावलं, म्हैस खात नाही म्हणून. गेले तर म्हैस निवांत रवंथ करत बसलेली. आदल्या दिवशी सरकी जरा जास्त झाली होती, बाकी काही नाही. माझे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, दुसरीकडे दोघं खोळंबलेले. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "मामा, एवढ्याशासाठी बोलावतात का? आधी नीट बघत जा, मग फोन करत जा." मामा म्हणाले, "चुकलं मॅडम," आणि चहा ठेवायला वळले. मी चहा न घेताच निघाले.

त्यानंतर महिनाभरात, भादव्यात, सकाळी आठला त्यांचा फोन आला. म्हैस विताना अडली होती. मी हातातला घास टाकून निघाले. पुलापर्यंत ठीक गेले, पण पांदणीच्या चढावर गाडीने दम तोडला. पहिल्या गिअरमध्येही इंजिन बसत चाललं. दोनदा उतरून काडीने चाकातली माती कोरली. पोचले तेव्हा रेडकू आतच मेलेलं होतं, मान मागे वळलेली. ते बाहेर काढलं तोवर म्हशीत काही उरलं नव्हतं. दुपारच्या आत ती गेली. माझा हात तिच्या पोटावर होता, आणि श्वास थांबला तो मला हाताला कळला.

आखाड्यावर तेवढी एकच म्हैस होती. मामा तिच्या शिंगाजवळ बसून होते. मी त्यांच्यावर ओरडले, "आधी फोन करायला काय झालं होतं?" मामा उठले. त्यांनी माझ्या हातांवर पाणी घातलं, फडकं दिलं, आणि पांदणीच्या तोंडापर्यंत माझी बॅग उचलून आणली.

परत येताना माझं ठरलं की गाडी कमजोर आहे. चढावर ती थकली नसती तर दहा मिनिटं वाचली असती, आणि त्या दहा मिनिटांत काय काय झालं असतं हे मी मनात रंगवत राहिले. गाडीला दोष देण्यात एक सोय असते, ती उलटून बोलत नाही. आठवड्याभरात मी मिस्त्रीकडे जाऊन उभी राहिले.

मिस्त्री म्हणाला, "मॅडम, हिला ताकद कमी न्हाई. चेनच्या म्होरल्या स्पॉकेटचा एक दात कमी करू. पळंल कमी, पर वढंल चांगलं. गाऱ्याचिखलात तेच लागतंय."

"एका दाताने काय होतंय? मला मोठा पिस्टन बसवून द्या."

"मोठ्या पिस्टननं डांबरावर मजा येती. गाऱ्यात चाक नुसतं फिरतंय."

तिसऱ्या दिवशी तो दमला. गाडी माझी, मी शिकलेली, मग त्याने तरी किती सांगायचं? इंजिन उघडून मोठा सिलिंडर-पिस्टन बसला, मोकळा सायलेन्सर लागला, पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणाऱ्या डबीतली सेटिंग बदलली. जुने भाग नेता का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, भंगारात टाका.

खोटं कशाला बोलू, मजा आली. दिवाळीनंतरच्या एका रविवारी काही काम नसताना मी सोनपेठच्या रस्त्याला लागले. उसाच्या ट्रॉल्या, एसटी, सगळ्यांना मागे टाकत गेले. मूठ पिळली की गाडी मला अंगाखालून ओढून न्यायची. हेल्मेटच्या आत मी एकटीच हसत होते. सोनपेठला पोचून एक चहा प्यायले आणि तशीच परत आले. ज्याला डांबरावर हिंडायचं आहे त्याने खुशाल ताकद वाढवावी, माझं काही म्हणणं नाही.

पण सोमवारी पुन्हा गोठे होते. इंजिन तापून माझी पोटरी भाजायची. पेट्रोल पंपावरचा माणूस आता मला नावाने ओळखू लागला. हे चाललं असतं, नवलाची गोष्ट वेगळीच झाली. मी लवकर पोचायचे आणि बघते तर जनावर मोकळं, पाणी गार, कुत्रं अंगावर. घरातली माणसं रानातून धावत यायची. "तुमी हाव व्हय मॅडम? आमाला वाटलं कुणी टारगट गाडी उडवायलंय." जुना आवाज सगळ्यांच्या कानात बसलेला होता, नवा कुणालाच माझा वाटत नव्हता. एका गाईने तर सायलेन्सरच्या आवाजाने दावं तोडलं आणि तुरीत घुसली. तिला धरून आणण्यात सगळ्यांची सकाळ गेली. रस्त्यावर वाचवलेली मिनिटं मी गोठ्याच्या दारात उभी राहून घालवत होते, वर चिडचिडही करत होते.

त्या वर्षभरात मामांनी मला बोलावलं नाही. मीही तोंड दाखवायला गेले नाही. दिवाळीच्या सुमारास त्यांनी लेकीच्या सासरहून नुकती गाभण राहिलेली म्हैस आणल्याचं कानावर आलं होतं. तेव्हापासून मी मनात महिने मोजत होते. या वेळी गाडी तयार आहे, असं स्वतःला बजावत होते.

यंदा पावसाने ओढ दिली होती, पांदणी कोरड्याच होत्या; भादव्यात तो धो धो पडला आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता फोन वाजला.

"मॅडम, रागावू नका," मामा म्हणाले. "पान्याची पिशवी आत्ताच दिसलीय. अजून काई जास्त न्हाई. बलवावं का नगं, मला समजंना."

"निघाले," मी म्हणाले.

पुलापर्यंत गाडी अशी पळाली की माझा माझ्यावरच विश्वास बसेना. पुलावरून पांदणीत उतरले आणि मिस्त्रीचा शब्द न् शब्द खरा झाला. मूठ जराशी हलली की मागचं चाक गरगर फिरायचं आणि खाली जायचं. जुनं इंजिन कुरकुरत का होईना, हळूहळू पुढे सरकायचं. हे जागेवरच विहीर खणायला लागलं. मी जितका जोर लावला तितकी गाडी रुतली, आणि मी आणखी जोर लावला. चाकाचा आस मातीत गेला तेव्हा कुठे माझी अक्कल ठिकाणावर आली. गाडी तशीच सोडली, बूट काढले, बॅग डोक्यावर घेतली आणि चालत निघाले. रागाने नव्हे, भीतीने रडू येत होतं.

मामा वाटेकडे बघत उभे होते. "आवाज आला, पर आपला वाटला न्हाई," म्हणत त्यांनी घाईने पाणी चुलीवर ठेवलं. म्हैस उभी होती, डोळ्यांत ताकद होती. हात घातला. पुन्हा तेच, रेडकाची मान मागे वळलेली. पण त्याने माझ्या बोटाला जीभ लावली. जिवंत होतं. मामांनी दावं धरलं, मी रेडकाला आत ढकलून मान हातात घेतली, सरळ केली, आणि कळेबरोबर ओढलं. तासाभराने वगार, म्हणजे मादी रेडकू, गवतावर पडली होती, मामा तिच्या नाकातला चिकटा पुसत होते आणि म्हैस तिला चाटायला ओढ घेत होती.

मला इतकं बरं वाटलं की मी कधी नव्हे ते कौतुक करायला गेले. हात धुता धुता म्हणाले, "मामा, या वेळी अगदी वेळेवर फोन केलात."

मामा माझ्या हातांवर पाणी घालत होते. पाण्याकडेच बघत म्हणाले, "मागल्या टायमालाबी चारलाच कळलं व्हतं मला. फोन घिऊन बसलो व्हतो. म्हनलं, मॅडम परत रागावतील. उजाडू द्यावं, नीट बगून मंग करावा."

तक्रारीचा सूर नव्हता त्यात. पेरणी कधी केली ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मी मात्र हात पुढे धरून तशीच उभी राहिले. पहाटे चार ते सकाळी आठ. मी चढावरच्या दहा मिनिटांसाठी इंजिन उघडलं होतं, आणि हे चार तास त्यांनी माझ्या धाकाने फोन हातात धरून काढले होते. वर मीच त्यांना विचारलं होतं, आधी फोन करायला काय झालं होतं. खरं उत्तर द्यायचं तर त्यांना माझंच नाव घ्यावं लागलं असतं. मेलेल्या म्हशीपाशी बसूनही त्यांनी ते घेतलं नाही. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"चुकलं मामा," मी म्हणाले. "माझं चुकलं."

मामाच गडबडले. "आसं नका म्हनू मॅडम. चहा घ्या." या वेळी मी घेतला. मग त्यांच्या बैलांनी माझी गाडी चिखलातून बाहेर काढली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे गेले. जुना सिलिंडर-पिस्टन आणि सायलेन्सर त्याने भंगारात टाकलेच नव्हते, तेल लावून पोत्यात गुंडाळून ठेवले होते. ते परत बसले, सेटिंग पहिल्यासारखी झाली, पुढच्या स्पॉकेटचा एक दात कमी झाला. आता गाडी हळू चालते आणि पांदणीत निमूट ओढते.

गेल्या आठवड्यात मामांचा फोन आला. म्हैस आज जरा कमी खायलीय म्हणाले, आणि लगेच, राहू द्या, म्हणाले. मी गेले. पुलावर गिअर बदलला. पोचले तेव्हा कुत्रं बांधलेलं होतं, ओट्यावर कोमट पाणी होतं, साबण होता, धुतलेलं फडकं होतं. म्हैस दावणीला रवंथ करत होती आणि वगार तिला ढुशा देत होती. मी म्हशीला कानापासून शेपटीपर्यंत तपासलं, ताप बघितला, पोट ऐकलं. काहीही झालेलं नव्हतं. मामा माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

"बरं केलंत बोलावलंत," मी म्हणाले, आणि ओट्यावर बसले.